गजांआडचे म्हातारपण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात संचित रजेविषयीच्या (म्हणजे शिक्षा भोगताना कैद्याला मिळणाऱ्या सुटीविषयीच्या, फर्लोविषयीच्या) एका प्रश्नाला उत्तर देताना मी वृद्ध कैद्यांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेली पत्रे वाचून या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यायचे ठरवले. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीत एका माणसाचा जीव गेला आणि त्यांना जन्मठेप झाली. आत जाऊन आता अकरावे वर्ष चालू आहे. मधुमेह आहे, गुडघे गेले आहेत, ऐकूही कमी येते. मुलाकातीला काचेपलीकडून फोनवर बोलावे लागते. मी काहीही विचारले तरी ते 'बरं, बरं' एवढेच म्हणतात, म्हणजे त्यांना ऐकू येत नाही हे मला कळते. तक्रार केली तर आत त्यांनाच त्रास होईल, असे गावातले लोक सांगतात. मी कोणाकडे काय मागावे? (सातारा जिल्ह्यातील एक भगिनी)

उत्तर : ताई, शेवटच्या भीतीपासून सुरुवात करते, कारण पत्रातली इतर सगळी अडचण त्या भीतीपाशी अडलेली आहे. विधी सेवेची वकील म्हणून मी बरीच वर्षे कारागृहांत जाते. वृद्ध कैदी बहुतेक वेळा काहीच मागत नाही, हा तिथला माझा पक्का अनुभव आहे. एका मध्यवर्ती कारागृहात सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांना मी नेहमीप्रमाणे विचारले, 'काही तक्रार आहे का?' ते म्हणाले, 'काही नाही बाई, सगळं ठीक आहे.' त्यांच्या शेजारच्या पोराने मला खूण केली, म्हणून प्रश्न बदलून विचारला, 'बाबा, चपाती कशी खाता?' तेव्हा त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्यापुढे उघडली. आत कवळीचे दोन तुकडे होते. कवळी मोडून आठ महिने झाले होते आणि तेवढे दिवस ते चपाती वरणात भिजवून, घोळ झाल्यावर गिळत होते. आठ महिन्यांत त्यांनी हे कोणालाही सांगितले नव्हते आणि कोणी त्यांना विचारलेही नव्हते. आपले वडील 'बरं, बरं' म्हणतात ते मला याच जातीचे वाटते.

म्हणून मागणी आपण करावी, लेखी करावी आणि तिचा सूर तक्रारीचा न ठेवता माहितीचा व विनंतीचा ठेवावा. कारागृह अधीक्षकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहा. वडिलांचे वय, शिक्षा लागण्यापूर्वीचे आजार, जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती आणि आज दिसणाऱ्या अडचणी त्यात एकेक करून नोंदवा. कानांची तपासणी आणि गरज असल्यास श्रवणयंत्र, डोळ्यांची तपासणी, मधुमेहाला साजेसा आहार, चालायला काठी, शौचाला खुर्चीचे भांडे, झोपायला शौचालयाजवळची जागा, असे स्पष्ट शब्दांत मागा. मुलाकातीविषयीही त्याच अर्जात लिहा. ज्याला फोनवरचे ऐकू येत नाही त्याला समोरासमोर बसून बोलू देण्याची विनंती करण्यात गैर काहीच नाही. अर्जाची पोच घ्या आणि एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्या. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतल्या प्रत्येक माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. १५१०० या निःशुल्क क्रमांकावर फोन करूनही सुरुवात करता येते. अर्जाची प्रत बाहेर कोणाच्या तरी हाती आहे हे माहीत असले की आतल्या माणसाला त्रास देणे सोपे राहत नाही. माझ्या पाहण्यात तरी अशा अर्जाने नुकसान कमी आणि उपयोग अधिक झाला आहे.

शौचालयाजवळची जागा ही मागणी आपल्याला किरकोळ वाटेल, म्हणून थोडे थांबून सांगते. बराकीत रात्रीची बंदी झाली की सकाळपर्यंत दार उघडत नाही. जमिनीवर अंथरुणाला अंथरूण लावून माणसे झोपलेली असतात आणि शौचालय बराकीच्या एका टोकाला असते. मधुमेही म्हाताऱ्याला रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. जमिनीवरून उठताना धरायला काही नसते, अंधूक उजेडात झोपलेल्यांच्या पायांमधून वाट काढावी लागते, कोणाला पाय लागला तर शिवी ऐकावी लागते, आणि गुडघे वाकत नसताना उकिडवे बसावे लागते. हे टाळण्यासाठी संध्याकाळनंतर पाणीच न पिणारे म्हातारे मी पाहिले आहेत. मधुमेहात असे रोज पाणी तोडणे शरीराला किती महाग पडते, ते कोणताही डॉक्टर सांगेल.

आता सुटकेविषयी. जन्मठेप झालेल्या आणि खुनासारख्या, फाशीचीही तरतूद असलेल्या गुन्ह्यातल्या कैद्याला प्रत्यक्ष १४ वर्षे भोगल्याशिवाय शिक्षेत सूट देऊन सोडता येत नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम ४३३-अ हेच सांगत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७५ही तेच सांगते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६१ खाली राज्यपालांना असलेल्या शिक्षा माफ किंवा कमी करण्याच्या अधिकाराला मात्र ही चौदा वर्षांची अट बांधत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या मारू राम प्रकरणापासून मान्य केलेले आहे. आजार गंभीर असेल तर राज्यपालांकडे तसा अर्ज आजही करता येतो. 'स्वातंत्र्याचा अमृत महोत्सव' निमित्त २०२२-२३ मध्ये तीन टप्प्यांत जी विशेष माफी दिली गेली, तिच्यात निम्मी शिक्षा भोगलेल्या ६० वर्षांवरील पुरुषांचा आणि ५० वर्षांवरील स्त्रियांचा समावेश होता. पण जन्मठेपेचे कैदी तिच्यातून वगळलेले होते. त्यामुळे आपल्या वडिलांचे नाव त्या वेळी का आले नाही, याचे उत्तर बहुधा तेच असेल.

चौदा वर्षे पूर्ण होताना कोणता नियम लागू होतो हेही लक्षात ठेवावे. शिक्षा झाली त्या दिवशी राज्याचे जे धोरण होते ते साधारणपणे लागू होते आणि पुढे अधिक उदार धोरण आले तर त्याचा लाभ मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हरियाणा राज्य विरुद्ध जगदीश या निकालात म्हटले आहे. त्याहून महत्त्वाचा निर्णय फेब्रुवारी २०२५ चा आहे. राज्याचे मुदतपूर्व सुटकेचे धोरण अस्तित्वात असेल, तर कैदी त्यात बसू लागताच सरकारने त्याच्या प्रकरणाचा विचार आपणहून केला पाहिजे, त्यासाठी कैद्याच्या अर्जाची वाट पाहता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ज्याला अर्ज लिहिता येत नाही, ज्याचा वकील केव्हाच मागे पडला आहे आणि ज्याला भेटायला कोणी येत नाही, त्याच्यासाठी गेल्या कित्येक वर्षांत यापेक्षा मोलाचे काही झाले असेल असे मला वाटत नाही. तरीही आपण तेराव्या वर्षाच्या अखेरीस स्मरणपत्र द्याच. तोपर्यंत संचित रजा आणि अभिवचन रजा (पॅरोल) यांचे अर्ज कारागृहामार्फत करत राहा. त्यासाठी स्थानिक पोलिसांचा अहवाल मागवला जातो. तो गावातूनच जात असल्यामुळे मृताच्या घरच्यांशी बोलणे बंद असेल, तर गावातल्या एखाद्या शहाण्या माणसाला मध्ये घालून ते आधी सुरू करणे हिताचे ठरेल.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. माझ्या चुलतभावाचा खून झाला. मारेकरी आज सत्तरीत आहे आणि त्याच्या गुडघ्यांची, दातांची काळजी सरकारने घ्यावी असे आपण लिहिता. माझी वहिनी स्वतःच्या मोतीबिंदूसाठी सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभी राहते, तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. गुन्हेगार म्हातारा झाला म्हणून गुन्हा म्हातारा होतो का? (पुणे)

उत्तर : सर, गुन्हा म्हातारा होत नाही. आपल्या वहिनींचे दुःख कुठल्याही मुदतीत संपणारे नाही आणि त्यांच्याबद्दल लिहिले जात नाही हा आपला आक्षेप मला मान्य आहे. गुन्ह्यात बळी पडलेल्यांच्या कुटुंबांसाठी भरपाईची योजना जुन्या संहितेच्या कलम ३५७-अ खाली होती आणि आता ती नव्या संहितेच्या कलम ३९६ खाली आहे. प्रकरण जुने असेल तर मुदतीचा प्रश्न येऊ शकेल. पण विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तेव्हा वहिनींनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात एकदा जरूर जावे.

आपल्या प्रश्नात मात्र दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या वेगळ्या करणे मला आवश्यक वाटते. कैद्याला सोडायचे की नाही हा एक प्रश्न झाला आणि तो आत असेपर्यंत त्याला कसे वागवायचे हा दुसरा. पहिल्या प्रश्नात आपल्या वहिनींना बोलण्याचा पूर्ण नैतिक अधिकार आहे. लक्ष्मण नसकर प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने मुदतपूर्व सुटकेसाठी जे निकष सांगितले, त्यांत गुन्ह्याचा समाजावर काय परिणाम होतो, तो पुन्हा घडण्याची शक्यता किती, गुन्हा करण्याची क्षमता त्या माणसात उरली आहे का आणि त्याला आणखी आत ठेवून काही साधणार आहे का, हे सगळे तपासायला सांगितले आहे. वय त्या हिशेबात येते. पण केवळ वय झाले म्हणून दार उघडत नाही.

दुसऱ्या प्रश्नात मात्र कोणाच्या इच्छेला वाव असावा असे मला वाटत नाही. न्यायालयाने आपल्या भावाच्या मारेकऱ्याला जन्मठेप दिली. दात पडल्यावर उपाशी राहण्याची किंवा डोळे गेल्यावर चाचपडत जगण्याची शिक्षा दिली नाही. निकालपत्रात जे नाही ते बराकीत वसूल करण्याचा अधिकार कोणालाच नाही. तुरुंगात गेल्याने माणसाचे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ आणि १९७९ च्या सुनील बत्रा निकालांपासून आपला कायदा सांगत आला आहे. त्यांतला दुसरा निकाल तर एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाविषयी न्यायमूर्तींना पाठवलेल्या पत्रावरून सुरू झाला होता. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या 'नेल्सन मंडेला नियमां'मधील चोविसावा नियम कैद्याला बाहेरच्या समाजात मिळते त्याच दर्जाची आरोग्यसेवा द्यावी असे म्हणतो. वहिनींची रांग लांब आहे, ती आखूड व्हावी यासाठी भांडलेच पाहिजे. मात्र त्या निदान रांगेत जाऊन उभ्या राहू शकतात. कैद्याला रांगेपर्यंत जाण्याचीही मोकळीक नसते. त्याची मोकळीक आपण, म्हणजे राज्याने, काढून घेतली असल्यामुळे त्याच्या डोळ्यांची जबाबदारीही राज्याकडेच येते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण 'कैदी' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर गुन्हा सिद्ध झालेला माणूस येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतली ४,३४,३०२, म्हणजे चारातली तीन, कच्चे कैदी होती. त्यांच्यावर अजून काहीच सिद्ध झालेले नव्हते. एल्गार परिषद प्रकरणात आरोपी असलेले, आपल्याच राज्यातल्या तळोजा कारागृहातले फादर स्टॅन स्वामी हे आदिवासींसाठी काम करणारे धर्मगुरू अशाच कच्च्या कैद्यांपैकी एक होते. ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली तेव्हा ते ८३ वर्षांचे होते आणि त्यांना पार्किन्सनचा आजार होता. हात थरथरत असल्याने पेला तोंडाला लावता येत नव्हता, म्हणून नळी लावून पिण्याचा कप मिळावा असा अर्ज त्यांना विशेष न्यायालयात करावा लागला. त्यांचा कप अटकेच्या वेळी काढून घेतला होता की नव्हता यावर वाद झाला, तपास यंत्रणेने तो घेतल्याचे नाकारले आणि त्यात दिवस गेले. ५ जुलै २०२१ रोजी मुंबईतल्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले, तेव्हा जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयापुढे प्रलंबित होता. त्याच कारागृहात डिसेंबर २०२० मध्ये, त्याच प्रकरणातले आरोपी पत्रकार गौतम नवलखा यांचा चष्मा हरवल्यावर घरच्यांनी टपालाने पाठवलेला नवा चष्मा स्वीकारला गेला नाही. त्यावर मुंबई उच्च न्यायालयाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली होती. त्यांच्यावरच्या आरोपांविषयी कोणाचे मत काहीही असो. कप आणि चष्मा यांसाठी न्यायालयापर्यंत जावे लागावे हे मला आजही सहन होत नाही. हे दोघे शिकलेले होते, त्यांच्यामागे वकील होते आणि वर्तमानपत्रे त्यांची बातमी छापत होती. ज्याच्यामागे यातले काहीच नाही त्याचा चष्मा फुटला तर काय होते, याची कल्पना आपणच करावी.

प्रश्न : मी विदर्भातील एका कारागृहात शिपाई आहे. आपण लिहिता ते पटते, पण आमची अडचण कोणी लिहीत नाही. म्हाताऱ्या बंद्याला रुग्णालयाची तारीख मिळते आणि त्या दिवशी पोलीस गार्ड येत नाही. पुढची तारीख महिन्यानंतरची. आम्ही काय करावे?

उत्तर : आपण लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. गार्ड न आल्यामुळे हुकलेली तारीख हेच अनेक वृद्ध कैद्यांच्या आजाराच्या इतिहासातले सर्वांत मोठे प्रकरण असते, हे मी केसपेपर वाचताना अनेकदा पाहिले आहे. गार्ड पोलीस मुख्यालयाकडून येतो. बंदोबस्त, सण, निवडणूक यांत रुग्णालयाची फेरी सर्वांत आधी कापली जाते. हा दोष आपला नाही. पण हुकलेली प्रत्येक तारीख नोंदवहीत कारणासह लिहिणे आपल्या हातात आहे. दर महिन्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव किंवा न्यायाधीश भेटीला येतात तेव्हा साठीपुढच्या बंद्यांची आणि हुकलेल्या तारखांची एक यादी त्यांच्यापुढे ठेवली तर त्यांना आदेश देता येतो. नुसत्या 'गार्ड मिळत नाहीत' या वाक्यावर काय आदेश देणार? अशी यादी बहुतेक ठिकाणी नसते. देशाची आकडेवारी प्रसिद्ध करणारा गुन्हे नोंद विभागसुद्धा '५० आणि त्यावरील' असा एकच वयोगट धरतो. त्यामुळे ५१ वर्षांचा धडधाकट माणूस आणि ८२ वर्षांचा अंथरुणाला खिळलेला माणूस एकाच रकान्यात मोजले जातात. आपल्या बराकीत साठीच्या, सत्तरीच्या, ऐंशीच्या पुढचे किती, ही मोजणी आपण सुरू केलीत तर ते फार मोठे काम होईल.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने १० डिसेंबर २०२४ रोजी, मानवी हक्क दिनी, वृद्ध आणि असाध्य आजारी कैद्यांसाठी विशेष मोहीम सुरू केली आणि पुढे सत्तरीपुढच्या कैद्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही नेला. त्या कामाला अशा याद्यांचीच गरज असते. कच्च्या कैद्यांच्या बाबतीत तर आजारी किंवा विकलांग व्यक्तीला जामीन देण्याची विशेष मुभा नव्या संहितेच्या कलम ४८० मध्ये आहेच. कारागृहाच्या डॉक्टरांचा स्पष्ट, तारीखवार अहवाल नसला की ती मुभा कागदावर राहते.

एक विनंती मात्र करते. रुग्णालयात खाटेला बेडी लावू नये. आसाममधल्या रुग्णालयात कैद्यांना बेड्या घालून खाटेला बांधल्याच्या प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय कैद्याला बेडी घालता येणार नाही, असे बजावले आहे. ज्याला आधाराशिवाय उठता येत नाही तो पळून जाईल ही भीती धरून त्याच्या सुजलेल्या मनगटाला लोखंड लावणे आपल्यालाही आवडत नसेल, याची मला खात्री आहे. वृद्धाला अंघोळीला, शौचाला हात देणारा एखादा तरुण बंदी नेमून त्या कामाची मजुरी आणि शिक्षेत माफी त्याला मिळावी, असा प्रस्ताव आपल्या अधीक्षकांकडे जरूर मांडा. आज हे काम बहुतेक बराकींत कोणी ना कोणी पोरगा फुकट, माणुसकीने करतच असतो.

प्रश्न : माझे थोरले चुलते बावीस वर्षे शिक्षा भोगून येत्या काही महिन्यांत सुटणार आहेत. वय ७१. त्यांना मूलबाळ नाही, काकू वारल्या. घरी त्यांना ठेवायला कोणी तयार नाही. त्यांच्यासाठी एखादा वृद्धाश्रम सुचवाल का? (अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : वृद्धाश्रमाकडे येण्यापूर्वी तातडीची कामे सांगते. बावीस वर्षांत त्यांचे आधार कार्ड, शिधापत्रिकेवरचे नाव, बँकेचे खाते यांतले काहीच शिल्लक नसण्याची शक्यता आहे. सुटकेच्या आधीच कारागृहातल्या कल्याण अधिकाऱ्यांना भेटून आधार नोंदणी करून घ्यावी, कारण बाहेर आल्यावर पत्त्याच्या पुराव्यासाठी त्यांना दारोदार फिरावे लागेल. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांच्या पुनर्वसनाचे काम करतो. आपल्या भागातल्या कारागृहात असे कोणी सामाजिक कार्यकर्ते येत असतील तर त्यांची मदत घ्यावी. ६५ वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना आहे आणि तिच्यात २०२३ पासून महिना १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करायचा असतो. नियमित औषधे चालू असतील तर सुटताना निदान महिनाभराची औषधे आणि संपूर्ण केसपेपरची प्रत सोबत मागून घ्या. दारातून बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातात कपड्यांची पिशवी असते आणि रक्तदाबाची गोळी कोणती हे त्याला सांगता येत नाही, असे मी पाहिलेले आहे.

आता आपल्या पत्रातल्या एका ओळीविषयी. चुलत्यांच्या नावची दोन एकर जमीन आपणच कसता असे आपण सहज लिहून गेला आहात. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा, २००७ प्रमाणे, मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा त्याच्या पश्चात ज्याला मिळणार आहे, असा सज्ञान वारस 'नातेवाईक' ठरतो आणि त्याच्याकडे साधन असेल तर निर्वाहाची जबाबदारी त्याच्यावर येते. असा दावा उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात, वकिलाशिवाय, साध्या अर्जावर चालतो. आपल्याला धाक घालावा म्हणून मी हे लिहीत नाही. आपण विचारलेत, निदान त्यांची सोय पाहता आहात, हे मला मोलाचे वाटते. पण बावीस वर्षांनी बाहेर येणारा माणूस पहिल्यांदा आपल्या शेताकडे जाईल. त्या दिवशी तुम्ही त्यांच्याबरोबर जा. मग सातबारा त्यांच्यापुढे ठेवा, दर हंगामाचा हिशेब काय ते सांगा, आणि राहायची व्यवस्था शेतातल्या खोलीत, गावात की आश्रमात हे त्यांनाच विचारा. आश्रमच हवा असे त्यांनी म्हटले तर मला पुन्हा लिहा, मी आपल्या जिल्ह्यातले पत्ते कळवीन.